राखीव अमावास्या

दुर्बीण डोंगरावर आणि तिचा कारभार दिल्लीत. हिमाचलातल्या त्या डोंगरावर आज आभाळ कसं आहे याची ज्यांना काडीची फिकीर नाही, अशी सात माणसं वर्षातून दोनदा दक्षिण दिल्लीतल्या एका भाड्याच्या कोठीत जमत, कचोऱ्या खात, आणि पुढच्या सहा महिन्यांतली कुठली रात्र कुणाला द्यायची ते ठरवत. या मंडळींना समय समिती म्हणत. त्यांनी ठरवलेलं कागदावर उतरवायचं काम चंद्रप्रभा घारपुरे यांचं. एकवीस वर्षं त्या ते करत होत्या आणि एकवीस वर्षं त्यांचं नाक मुरडलेलंच होतं.

बाई पुण्याच्या. गणितात एम.एस्सी., पहिला वर्ग. यजमान श्रीरंगराव केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यांच्याबरोबर दिल्लीला आल्या आणि वेधशाळेच्या दिल्ली कार्यालयात साहाय्यक म्हणून लागल्या. साहाय्यक म्हणजे, ज्याला काम येतं पण ज्याला खुर्ची मिळत नाही असा प्राणी. घर लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात. तिथल्या स्वयंपाकघरात मराठी कॅलेंडर टांगलेलं असे. त्यावर बाकीच्या बायका दूधवाल्याचे खाडे मांडत. चंद्रप्रभाबाई तिथ्या बघत आणि ऑफिसातल्या तक्त्यावर चौकोन भरत. एका रात्रीला एक चौकोन. अमावास्येच्या आगेमागेच्या रात्री पेन्सिलीनं काळ्या, पौर्णिमेकडच्या कोऱ्या.

त्यात अवघड काही नव्हतं. फिका तारा बघायचा तर आभाळ काळंकुट्ट हवं. चंद्र वर आला की दुधात मोती शोधण्यासारखं होतं. ठळक ताऱ्यांचं काम मात्र चांदण्यातही भागतं. म्हणून काळे चौकोन फिक्या ताऱ्यांच्या माणसांना द्यावेत, कोरे ठळक ताऱ्यांच्या. ढग, धुकं, बर्फ वजा जाता काळे चौकोन हंगामाला जेमतेम तीस उरत. एवढं गणित पालकवालीलाही सुटलं असतं. समितीतल्या सात डॉक्टरांना मात्र सुटत नव्हतं, कारण त्यांना ते सोडवायचंच नव्हतं.

तिथली रीत अशी होती की काळे चौकोन आधी 'राखीव' व्हायचे. संचालकांसाठी राखीव, समितीच्या सदस्यांसाठी राखीव, 'अतिथींसाठी' राखीव. पान वाढायच्या आधी जावईबापूंचा घास काढून ठेवतात तसे. मग उरलेलं उष्टं विद्यापीठांतल्या मुलांना. बरं, राखीव रात्री हे लोक वर जात तरी होते का? छे. वर थंडी असते, बस रात्रभर हाडं खिळखिळी करते, आणि गेस्टहाऊसला गीझर नाही. दुर्बिणीचा घुमट बंद, वर आभाळ नितळ, आणि खाली घुमटाच्या वहीत नोंद: 'निरीक्षक अनुपस्थित.' चंद्रप्रभाबाईंनी एका हंगामात मोजलं. तेहतीस काळ्या रात्रींपैकी एकोणीस अशा वाया. त्यांनी तो आकडा टाइप करून संचालकांच्या टेबलावर ठेवला. संचालकांनी त्यावर चहाचा कप ठेवला.

संचालक डॉ. मुरलीधर कोपर्डेकर. हाही मराठीच, म्हणून बाईंना जास्त लाज. एके काळी हुशार होता म्हणतात. आता त्याला हवा लागली होती. एक्याण्णवनंतर दिल्लीत ज्याला त्याला लागली तीच. सरकारी अँबॅसडर सोडून तो कुणाच्या तरी मारुतीतून उतरू लागला, गुडगावात प्लॉट बघू लागला, आणि 'पब्लिक-प्रायव्हेट' हे दोन शब्द त्याच्या तोंडून सुपारीसारखे सुटत नव्हते. गाझियाबादच्या एका बिल्डरशी त्याची दोस्ती. हा बिल्डर आपल्या नव्या वसाहतीला ग्रहांची नावं देणार होता. मंगळ टॉवर, गुरू टॉवर. तेव्हा त्याला ग्रह दाखवणं हे वेधशाळेचं कर्तव्यच झालं म्हणायचं!

"साहेब, शनी भर पौर्णिमेलाही दिसतो," बाई म्हणाल्या होत्या. "त्याला काळी रात्र कशाला जाळायची?"

"घारपुरेबाई, पाहुण्याला अंधारात जी मजा येते ती चांदण्यात येत नाही."

"मग लाइट बंद करून घरी बसवा त्यांना."

कोपर्डेकर हसला. तो नेहमी हसायचा. त्या हसण्याचीच बाईंना जास्त किळस होती. रागावणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं.

पंच्याण्णवच्या मे महिन्यात चेतना रणदिवे त्यांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मुंबईची मुलगी, दिल्लीत पीएच.डी. करणारी, मयूर विहारला दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहणारी. हातात तिसऱ्यांदा भरलेला अर्ज. पहिल्या खेपेला तिला पौर्णिमेच्या रात्री दिल्या होत्या, दुसऱ्या खेपेला ऐन बर्फातल्या.

"मॅडम, या वेळी नाही मिळालं तर माझं संपलंच," ती म्हणाली.

"काय संपलं? नीट सांग. रडू नकोस, कागदावर पाणी पडतं."

मुलीनं नीट सांगितलं. तिचा तारा एकटा नव्हता, जोडी होती. दर नऊ वर्षांनी त्यातला मोठा लहानाच्या आड येतो आणि चार रात्रींत त्याचा उजेड उतरत जातो. तो कसा उतरतो, हेच तिला मोजायचं होतं; आधीचे दोन अर्ज ताऱ्याचा नेहमीचा उजेड मोजून ठेवण्यासाठी होते. त्या चार रात्री होत्या बावीस ते पंचवीस ऑक्टोबर. पुढची खेप दोन हजार चार साली. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती.

"तारा किती फिका?"

तिनं आकडा सांगितला. बाईंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. तेवीसला लक्ष्मीपूजन, चोवीसला अमावास्या. चारही चौकोन काळेकुट्ट. पावसाळा नुकताच सरलेला, आभाळ धुतल्या ताटासारखं. सबंध वर्षात यापेक्षा चांगल्या रात्री नाहीत, आणि वर्षानुवर्षं याच रात्री वाया जायच्या, कारण दिवाळीला वर जाणार कोण?

"दिवाळीला घरी नाही जायचं तुला?"

"नाही मॅडम. आई म्हणाली, फराळ पोस्टानं पाठवते."

"तुझी आई शहाणी आहे," बाई म्हणाल्या. हे त्या क्वचितच कुणाबद्दल म्हणत.

जूनमध्ये समिती बसली. चेतनाचा अर्ज बाईंनी गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवला होता. कोपर्डेकरनं तो वाचलाही नाही, तारखा बघितल्या फक्त.

"बावीस ते पंचवीस? अरे, चोवीसला सकाळी खग्रास सूर्यग्रहण आहे! आपला मोठा कार्यक्रम. त्या चार रात्री संचालक-राखीव टाका."

"ग्रहण राजस्थानात आहे, साहेब, आणि सकाळी आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिकडे वाळूत असणार. डोंगरावर कोण असणार?"

"ग्रहणानंतर पाहुण्यांना वर न्यायचं आहे. पंचवीसला. स्पॉन्सर आहेत, बाई, समजून घ्या. मुलीला नोव्हेंबरमध्ये द्या चार."

"नोव्हेंबरमध्ये तिचा तारा आडून बाहेर आलेला असेल."

"मग दुसरा तारा बघेल. आकाशात काय ताऱ्यांचा दुष्काळ आहे?"

सगळे हसले. चेतनाचं नाव प्रतीक्षा यादीत गेलं. पहिल्या क्रमांकावर, पण यादीतच. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं घरोघरी म्हणतात. इथे दळणाऱ्याला चांगलं दिसत होतं आणि कुत्र्याला चमच्यानं भरवलं जात होतं.

एवढ्यात कचोऱ्या आल्या. बाईंनी अजेंड्यातला शेवटचा विषय वाचायला घेतला. तो त्यांचा स्वतःचा होता, सहा वर्षं दर बैठकीत त्या तो आणत आणि दर बैठकीत तो पुढे ढकलला जाई. या वेळी त्यांनी तो घाईघाईनं वाचला नाही. खणखणीत वाचला. "ज्याच्या नावे रात्र आहे त्यानं सूर्यास्तापर्यंत घुमटाच्या वहीत सही केली नाही, तर ती रात्र प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या हजर माणसाला मिळेल. हा नियम सर्वांना लागू राहील. मंजूर?"

"बिल्कुल, बिल्कुल," एक सदस्य चटणी पुसत म्हणाला.

"डाल दीजिए," दुसरा म्हणाला.

कोपर्डेकर दाणेदार आवाजात कुणाला तरी गुडगावच्या प्लॉटचा भाव सांगत होता. त्यानं नुसता हात हलवला. संध्याकाळी इतिवृत्त टाइप होऊन त्याच्यासमोर गेलं. कलम नऊ, पान चार. त्यानं पान एक ते सहा अंगठ्यानं फडफडवली आणि सही ठोकली.

घरी आल्यावर बाईंनी श्रीरंगरावांना हे सांगितलं. ते खूश झाले. "वा! जिंकलात की!"

"जिंकले कसली! चांगला नियम चोरून न्यावा लागतो, तोंडात कचोरी असताना. लाज वाटते मला."

"अहो, तुम्ही मोठ्यानं वाचलात ना? मग चोरी कसली?"

"ऐकणार नाहीत हे माहीत होतं, म्हणून वाचलं. तुम्ही भोळे आहात, वरण घ्या."

सप्टेंबरात दिल्लीत गणपती दूध प्यायला लागले. ऑफिसातले निम्मे लोक, त्यात दोन पीएच.डी., वाटी-चमचा घेऊन देवळाच्या रांगेत. त्या दिवशी बाईंनी एकटीनं ऑक्टोबरचा तक्ता पुरा केला आणि चेतनाला फोन केला. "एकवीसलाच वर जा. सूर्यास्ताच्या आधी वहीपाशी उभी राहा. कुणी काही म्हटलं तर कलम नऊ म्हण. आणि स्वेटर दोन घे."

बावीसला संध्याकाळी पावणेसहाला लक्ष्मीबाई नगरातला फोन वाजला. बाई शंकरपाळे तळत होत्या. गॅस बंद करून त्यांनी फोन घेतला. चेतना. मागे वाऱ्याचा घूं घूं आवाज.

"मॅडम, नेगीजी घुमट उघडत नाहीत. म्हणतात, डायरेक्टरसाहेबांची रात्र आहे."

नेगी वरचा दुर्बीण चालवणारा. इमानी माणूस, पण कागदाशिवाय शिंकणार नाही.

"दे त्यांना फोन. … नेगीजी, साहब आए हैं?"

"नहीं मैडम।"

"सूरज डूबा?"

"बस, डूब रहा है।"

"जून का ऑर्डर आपके पास है, पन्ना चार, नंबर नौ। साहब के दस्तख़त हैं। पढ़िए।"

पलीकडे कागदांची चाळवाचाळव. मग नेगी म्हणाला, "मैडम, इसमें तो लिखा है, सब पर लागू।"

"तो साहब 'सब' में आते हैं कि नहीं?"

नेगी हसला. आयुष्यात पहिल्यांदाच हसला असावा, असं ते हसू गंजलेलं होतं. "दिवाली के दिन भी खोल दूँगा मैडम। बच्चे तो गाँव में हैं, मेरी क्या दिवाली।"

तीन संध्याकाळी मुलीची सही वहीत पडली. तीनही रात्री आभाळ स्वच्छ.

चोवीसची सकाळ दिल्लीत भुतासारखी होती. रस्ते ओस, दारं-खिडक्या बंद, शेजारच्या अंडर सेक्रेटरीणबाईंनी दह्यात तुळशीपत्र घालून ठेवलेलं. चंद्रप्रभाबाई गच्चीत उभ्या राहून चहा प्यायल्या आणि सगळ्यांना दिसेल असा चिवडा खाल्ला. सूर्याची बारीक कोर उरली. पाखरं गोंधळली. क्षणभर त्यांना बरं वाटलं. मग खाली रस्त्यावर एक मारुती थांबली, तिच्या काचेवर गाझियाबादच्या त्याच बिल्डरची जाहिरात होती, काळ्या चष्म्यातला सूर्य हसत होता, आणि तोंडात पुन्हा तीच कडू चव आली.

सव्वीसला सकाळी चेतनाचा फोन. आवाज इतका दमलेला की बाईंनी आधी ओळखलाच नाही.

"साहेब आले काल, मॅडम. आठ वाजता. दोन गाड्या, अकरा माणसं. बिल्डरची बायको, मेव्हणे, मिठाईचे डबे. नेगीजींनी वही दाखवली. सही माझी होती, सूर्यास्ताआधीची. ते म्हणाले, हा कुठला नियम? नेगीजींनी त्यांचीच सही दाखवली."

"मग?"

"मग हसले."

"हसणारच. पुढे?"

"म्हणाले, बेटा, नियम बरोबर आहे, रात्र तुझीच आहे, आम्ही फक्त पंधरा मिनिटं मागतोय. मी म्हटलं, सर, आत्ता उजेड सर्वांत खाली जाणार आहे, याच तासात. ते म्हणाले, पंधरा मिनिटांनी तारा पळून जातो का?"

"नेगींनी काय केलं?"

"त्यांचा काय दोष, मॅडम? साहेब स्वतः समोर उभे. त्यांनी दुर्बीण फिरवली."

फोनची तार चंद्रप्रभाबाईंनी बोटाभोवती इतकी आवळली की बोट पांढरं पडलं.

"शनीची कडी या वर्षी कडेनं वळलीय ना," चेतना सांगत होती, "दिसतच नाही धड. बिल्डर म्हणाला, रिंग कहाँ है? साहेब म्हणाले, आहे, आहे, नीट बघा. मग प्रत्येकानं नीट बघितलं. अकराच्या अकरा. त्याची बायको म्हणाली, इससे अच्छा तो टीवी पे आता है। चाळीस मिनिटं गेली, मॅडम."

"आणि तारा?"

"परत लावला तेव्हा उजेड चढायला लागला होता."

त्या चाळीस मिनिटांत चार रात्रींतलं सगळ्यात मोलाचं पाणी वाळूत ओतलं गेलं. ज्या क्षणासाठी पोरगी नऊ वर्षांच्या फेऱ्यात एकदा वर चढली होती, त्या क्षणी देशातली एक चांगली दुर्बीण एका माणसाच्या मेव्हण्यांना न दिसणारी कडी दाखवत होती.

"बाकीचे आकडे आहेत ना?" बाईंनी विचारलं.

"आहेत. तीन रात्री पूर्ण, चौथीत फक्त फट."

"मग त्या फटीवरून रेघ ओढू नकोस. फट तशीच ठेव. आणि आता झोप."

डिसेंबरच्या बैठकीत कोपर्डेकर पहिल्यांदाच पान चार वाचून आला होता. "घारपुरेबाई, कलम नऊ काढून टाका. आणि इतिवृत्तात कारण लिहा, तेवढं तुम्हीच जुळवा."

"कारण मी जुळवू?"

"तुमचं ड्राफ्टिंग छान असतं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनाही हसू आलं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही. संध्याकाळी त्यांनी टाइप केलं: 'दिनांक २५ ऑक्टोबर रोजी संचालक अकरा पाहुण्यांसह सूर्यास्तानंतर पोचले. हजर निरीक्षकाचे काम चाळीस मिनिटे थांबवून पाहुण्यांना शनी दाखवण्यात आला. कलम नऊमुळे संचालकांची अशी गैरसोय होत असल्याने ते रद्द करण्यात येत आहे.' एक शब्द खोटा नाही, एक शब्द जास्त नाही.

कागद त्याच्यासमोर ठेवताना त्या म्हणाल्या, "साहेब, या खेपेला वाचून सही करा."

"तुमच्यावर विश्वास आहे, बाई," तो म्हणाला. खाली मारुतीचा हॉर्न वाजत होता. त्यानं पानं अंगठ्यानं फडफडवली.

रीतीप्रमाणे बासष्ट प्रती निघाल्या. मंत्रालयाला, सगळ्या विद्यापीठांना, प्रत्येक अर्जदाराला. चौथ्या दिवशी मंत्रालयातून फोन आला, सहाव्या दिवशी पत्र. जानेवारीत कलम नऊ परत आलं, या वेळी पान एकवर. कोपर्डेकरला काही झालं नाही. अशांना काही होत नसतं; त्याला एका परदेशी परिषदेला पाठवलं. तिथून आल्यावर त्यानं बाईंची बदली भांडार विभागात केली. तिथे त्या निवृत्तीपर्यंत बल्ब आणि स्क्रू मोजत बसल्या, आणि एकही स्क्रू कधी कमी भरला नाही.

मार्चअखेर चेतना प्रबंधाची कच्ची प्रत घेऊन आली. तोपर्यंत घारपुरे मयूर विहारच्या सोसायटीतल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. तिथेही गेल्या गेल्या सेक्रेटरीनं जिन्याजवळच्या चार पार्किंगच्या जागा 'राखीव' ठेवलेल्या बघून बाईंनी कपाळाला हात लावला होता.

आलेख चांगला उतरला होता. ठिपक्यांची ओळ शिस्तीत खाली येत होती, आणि ऐन तळाशी, जिथे सगळ्यात जास्त ठिपके हवेत तिथे, पांढरी फट. फटीच्या खाली बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं की या काळात दुर्बीण उपलब्ध नव्हती.

"उपलब्ध नव्हती?" बाईंनी चष्मा वर केला. "ती काय माहेरी गेली होती?"

"मॅडम, प्रबंधात शनी, मेव्हणे वगैरे कसं लिहिणार? गाइड म्हणाले, सौम्य लिही."

"सौम्यच लिही. तुझ्या शास्त्रात संदर्भ देतात ना खाली? आकडा कुठून घेतला, कुणाच्या पेपरातून?"

"देतात."

"मग दे. समय समिती, इतिवृत्त, डिसेंबर पंच्याण्णव, कलम नऊ रद्द केल्याचा ठराव. सहीसकट छापलेला सरकारी कागद आहे. ज्याला जाणून घ्यायचं असेल तो काढून वाचेल."

चेतनानं पेन काढलं आणि फटीच्या शेजारी एक बारीक चांदणी काढून पानाच्या तळाशी संदर्भ लिहिला. बाईंनी तो दोनदा तपासला. तारीख, कलम, पान.

"ठीक," त्या म्हणाल्या. "आता चहा घे. बिस्किट बुडवू नकोस, मला बघवत नाही."